साप्ताहिक सभेचा महिमा

(सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला भाषणाचे निमंत्रण दिले तेव्हा ते म्हणाले, "दिवसभर सर्व वक्ते गंभीर बोलणार आहेत. भोजनापूर्वी कोणीतरी लोकांना थोडे हसवावे, म्हणून आपल्याला बोलावले आहे. वेळ वीस मिनिटे." ही वक्ता म्हणून झालेली माझी निवड आहे, की भोजनाला उशीर होणार असल्याची पूर्वसूचना आहे, हे मला अद्याप उमगलेले नाही. असो. मी कापडाचा व्यापारी. आयुष्य मोजून देण्यात गेले. वीस मिनिटे म्हणजे वीसच मिनिटे मोजून देईन. कापताना चार बोटे जास्त गेलीच, तर ती दुकानाची जुनी रीत समजून पदरात घ्यावीत.

माझा आजचा विषय आहे सेवाभावी क्लबाची साप्ताहिक सभा. या विषयाचा अधिकार मला कसा प्राप्त झाला, हे आधी सांगतो. १९९० साली एक डॉक्टर सफारीचे कापड घेण्यासाठी दुकानात आले. भाव करता करता म्हणाले, "आमच्या क्लबात येता का?" मी विचारले, "तेथे काय करतात?" ते म्हणाले, "दर गुरुवारी भेटतात." "भेटून काय करतात?" त्यांनी प्रामाणिकपणे उत्तर दिले, "पुढच्या गुरुवारी भेटण्याचे ठरवतात." माझी निवड माझ्या गुणांमुळे झाली, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. पुढे कळले की या क्लबात पूर्वापार प्रत्येक व्यवसायाचा प्रतिनिधी असावा असा संकेत आहे, त्याला 'वर्गीकरण' म्हणतात. आणि त्या वर्षी 'कापड' हे वर्गीकरण रिकामे होते. रिकाम्या कप्प्यात ताका ठेवावा, तसे मला तेथे ठेवण्यात आले होते.

तेव्हापासून गेली तीस-पस्तीस वर्षे मी घोडनदीच्या आणि भीमेच्या काठच्या, आसपासच्या तालुक्यांतल्या आणि कधी पुण्यातल्याही क्लबांत हजेरी लावत आलो आहे. आज सांगणार असलेले किस्से या सर्व ठिकाणचे तुकडे एकत्र बेतून शिवले आहेत. कोणाच्या अंगाला बरोबर बसले, तर तो योगायोग समजावा.

प्रथम थोडा इतिहास. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी अमेरिकेतील शिकागो शहरात पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने रोटरीची पहिली सभा भरवली. हॅरिस यांचे बालपण व्हर्माँट राज्यातील वॉलिंगफर्ड या लहानशा गावी आजी-आजोबांजवळ गेले होते. तेथे जो तो एकमेकांना नावाने ओळखत असे. शिकागोत वकिलीत जम बसला, ओळखी पुष्कळ झाल्या, परंतु सुटीच्या दिवशी ज्याच्याकडे सहज जाऊन बसावे असा माणूस नव्हता. हा एकटेपणा घालवण्यासाठी त्यांनी तिघांना बोलावले. एक खाण अभियंता, गुस्ताव्हस लोर. त्यांच्याच कचेरीत सभा झाली. दुसरे कोळशाचे व्यापारी, सिल्व्हेस्टर शील. तेच पुढे पहिले अध्यक्ष झाले. आणि तिसरे हायरम शोरी. हे गृहस्थ कोण होते? कपडे शिवून देणारे व्यावसायिक शिंपी! म्हणजे जगभर पसरलेल्या या संस्थेच्या पहिल्या चार माणसांत एक आमच्या धंद्याचा होता. ही माहिती मला मिळाली त्या दिवशी मी दुकानात सर्वांना चहा पाजला.

सुरुवातीला या मंडळींकडे सभागृह नव्हते. आपल्याकडे भिशी जशी या घरून त्या घरी फिरते, तशी त्यांची सभा पाळीपाळीने एकेका सभासदाच्या कचेरीत भरत असे. फिरती सभा, म्हणून नाव 'रोटरी'. भारतात हे चक्र १९१९ साली कलकत्त्यात आले, १९२९ साली मुंबईत आले आणि पुढे फिरत फिरत आपल्या तालुक्यांपर्यंत पोहोचले. या चक्राला चोवीस दाते आणि सहा आरे असतात. आमच्या एका सभासदाच्या मते चोवीस दात्यांपैकी प्रत्यक्ष फिरणारे चारच असतात. बाकीचे वीस त्यांच्याबरोबर फिरवले जातात. हे निरीक्षण केवळ क्लबापुरते मर्यादित आहे, असे मला वाटत नाही.

आता प्रत्यक्ष सभेकडे वळू. सभेची वेळ सायंकाळी साडेसात. साडेसातला दोनच माणसे हजर असतात, एक सचिव आणि दुसरा सभागृहाचा रखवालदार. पावणेआठला अध्यक्ष येतात. ते गळ्यात पदकांचा पट्टा घालतात, टेबलावरची पितळी घंटा हातोडीने वाजवतात आणि रिकाम्या खुर्च्यांना उद्देशून सभा सुरू झाल्याचे जाहीर करतात. घंटेचा आवाज ऐकून बाहेर गप्पा मारणारे सभासद आत येतात, म्हणजे शाळेत जे होत असे तेच. २००५ च्या सुमारास भारनियमन ऐन भरात होते, तेव्हा तर घंटा आणि अंधार एकाच वेळी होत असत. मेणबत्तीच्या उजेडात वाचलेली इतिवृत्ते मी ऐकली आहेत. त्या उजेडात सचिवांना स्वतःचेच अक्षर लागत नसे. पण सभासद उदार मनाचे. न लागलेल्या ओळींसह इतिवृत्त सर्वानुमते कायम होत असे.

इतिवृत्त ही एक स्वतंत्र साहित्यकृतीच होय. एका वर्षी पाणपोईचा विषय निघाला. फाल्गुनातील इतिवृत्तात नोंद होती, "पाणपोईविषयी सविस्तर चर्चा झाली व पुढील सभेत सविस्तर चर्चा करण्याचे ठरले." चैत्रात जागेवर चर्चा झाली, वैशाखात फलकावर. फलकावर देणगीदारांची नावे किती व कोणत्या क्रमाने असावीत, यासाठी उपसमिती नेमण्यात आली. ज्येष्ठात उपसमितीचा अहवाल आला. मृगाचा पहिला पाऊस पडला, त्या गुरुवारी पाणपोईचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला.

या प्रकारात पालट घडवला तो महिला सभासदांनी. रोटरीत पूर्वी महिलांना सभासदत्व नव्हते. १९८७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला आणि १९८९ साली संस्थेने आपल्या घटनेतच बदल करून जगभर महिलांना प्रवेश खुला केला. आमच्याकडे ही वार्ता पोहोचायला पुढे बरीच वर्षे लागली. तोवर सभासदांच्या पत्नींना 'अ‍ॅन' म्हणण्याचीच प्रथा होती. पहिल्या महिला सभासद म्हणून एक शिक्षिका आल्या. त्यांनी पहिल्याच सभेत इतिवृत्त ऐकून विचारले, "हे ठरले, असे लिहिले आहे. पण झाले का?" सभागृहात इतकी शांतता पसरली, की बाहेरच्या रस्त्याने जाणारी ऊस भरलेली बैलगाडी स्पष्ट ऐकू आली. पुढच्या वर्षी पाणपोई चैत्रातच सुरू झाली.

इतिवृत्तानंतर दंड. सभेत 'सार्जंट अ‍ॅट आर्म्स' नावाचा पदाधिकारी असतो, त्याचे काम शिस्त राखणे. छातीवर चक्राची पिन नाही, दंड अकरा रुपये. भाषण चालू असताना मोबाइल वाजला, दंड एकवीस. वर्तमानपत्रात छायाचित्र आले, दंड एकावन्न. या शेवटच्या दंडासाठी सभासद वर्तमानपत्राचे कात्रण स्वतःच घेऊन येतात! आमच्या भगिनी संस्थेत, म्हणजे लायन्समध्ये, तर ही कला आणखी पुढे गेली आहे. तीही शिकागोचीच, मेल्विन जोन्स या विमा व्यावसायिकाच्या प्रेरणेने १९१७ साली स्थापन झाली आणि १९५६ साली मुंबईत आली. तेथे दंड करणाऱ्याला 'टेल ट्विस्टर' म्हणतात, म्हणजे शब्दशः शेपूट पिरगाळणारा. त्याने कोणालाही दंड करावा. त्याला स्वतःला दंड करायचा झाल्यास मात्र उपस्थित सर्व सभासदांचे एकमत लागते. आयकर खात्यातसुद्धा इतकी पक्की तटबंदी नसेल.

त्यानंतर वक्त्यांचा परिचय. हा परिचय भाषणाहून आखूड असावा, असा सर्वसाधारण नियम आहे. एकदा परिचय करून देणाऱ्या बंधूंनी वक्त्यांचा जन्म, शिक्षण, परदेशवारी आणि त्यांच्या विषयातील सर्व मुद्दे अर्ध्या तासात सांगितले. वक्ते उठले आणि म्हणाले, "आता आभार मानायला हरकत नाही."

एके गुरुवारी नियोजित वक्त्यांची गाडी चुकली. अध्यक्ष मला म्हणाले, "तुम्ही कापडावर बोला." मी विषय घेतला 'कापड कसे ओळखावे'. नवशिक्या गिऱ्हाइकाला आम्ही जी परीक्षा सांगतो, तीच करून दाखवली. कापडाच्या कडेचा एक धागा काढावा आणि ज्योतीवर धरावा. सूत भराभर जळते, कागद जळल्यासारखा वास येतो, राख मऊ असते. रेशीम आणि लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो, राख बोटाने चुरडते. पॉलिस्टर मात्र आक्रसते, वितळते आणि त्याची कडक गुंडी बनते. सभासद रंगून गेले. कोणी रुमालाचा धागा दिला, कोणी शर्टाचा. शेवटी अध्यक्षांनी आपला टाय पुढे केला. "शुद्ध रेशीम आहे. भाच्याने परदेशातून पाठवला आहे." मी मागच्या शिवणीतून धागा काढला आणि ज्योतीवर धरला. बंधू-भगिनींनो, केस जळल्याचा वास काही आला नाही. कडक, काळी, गोल गुंडी मात्र तयार झाली.

आता रोटरीत 'चौपदरी कसोटी' म्हणून एक प्रसिद्ध गोष्ट आहे. शिकागोतील हर्बर्ट टेलर यांच्याकडे १९३२ साली अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांची एक बुडत आलेली कंपनी आली. तिला सावरण्यासाठी त्यांनी स्वतःला आणि नोकरांना चार प्रश्न लावून घेतले. १९४३ साली रोटरीने ते स्वीकारले. आपण जे बोलतो व करतो ते खरे आहे का, सर्वांना न्याय्य आहे का, त्याने सद्भाव व मैत्री वाढेल का, आणि त्यात सर्वांचे हित आहे का? गिऱ्हाईक जेव्हा विचारते, "शेठ, रंग जाणार नाही ना? कापड आटणार नाही ना?" तेव्हा यातला पहिला प्रश्न दुकानदाराच्या घशात कसा अडकतो, हे समोर बसलेले माझे व्यवसायबंधू जाणतात. त्या रात्री माझे भाषण पहिल्या प्रश्नाला पूर्ण उतरले आणि तिसऱ्या प्रश्नावर साफ नापास झाले. सार्जंटने मला 'अध्यक्षांच्या भाच्याची अप्रतिष्ठा' या सदराखाली एकावन्न रुपये दंड केला.

भाषणानंतर सत्कार. सत्काराच्या शाली आमच्या दुकानातून घाऊक भावाने जात. माझी त्याबद्दल तक्रार नव्हती. परंतु एक शाल मला वारंवार दिसू लागली. तांबूस, कडेला वेलबुट्टी. ती शाल एका वक्त्यांनी उदार मनाने क्लबाला परत दिली, क्लबाने दुसऱ्याला घातली, दुसऱ्यानेही तोच आदर्श गिरवला. अखेर पदग्रहण समारंभात जुना कार्यकर्ता म्हणून माझा सत्कार झाला आणि तीच शाल माझ्या खांद्यावर आली. घरी येऊन पाहतो, तर आतल्या बाजूला माझ्याच दुकानाची चिठ्ठी, माझ्याच अक्षरात किंमत. व्यापारात गेलेला माल परत येतो, तेव्हा तो तोटा समजतात. येथे त्याला गौरव म्हणतात.

मग भोजन. आमच्यातील चौविहार पाळणारे सूर्यास्तापूर्वी घरी जेवून येत, त्यामुळे भाषण कितीही लांबले तरी तेच अत्यंत एकाग्र चित्ताने ऐकताना दिसत. उरलेल्यांचे डोळे वक्त्यांकडे आणि नाक स्वयंपाकघराच्या दाराकडे असे. वक्त्यांना वाटे, सभागृहात तत्त्वज्ञानाची आवड असलेला एक वर्ग आहे.

सर्वांत कडक नियम हजेरीचा. लागोपाठ चार सभा चुकल्या, तर सभासदत्व जाऊ शकते. मात्र एक सवलत होती. आपली सभा चुकली, तर त्या काळच्या नियमाप्रमाणे आधी किंवा नंतर चौदा दिवसांच्या आत दुसऱ्या कोणत्याही गावच्या क्लबाच्या सभेस हजर राहून ती भरून काढता येत असे. याला 'मेक-अप' म्हणतात. लग्नसराईत आमच्या दुकानात बस्ते बांधायला गर्दी उसळते. एकेका बस्त्याबरोबर बैठकीला वीस-वीस माणसे, नवरदेवाच्या आत्याला साडी पसंत पडेपर्यंत रात्रीचे नऊ वाजतात. एका वैशाखात माझा गुरुवार चुकला. पुढच्या आठवड्यात मी पिशवी घेऊन निघालो. सौभाग्यवतींनी विचारले, "कोठे?" मी म्हणालो, "दौंडला. मेक-अप करायला." त्या क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "आता या वयात कशाला? आणि करायचाच, तर शिरूरमध्ये होत नाही का?"

दौंडची सभा मी विसरणार नाही. रेल्वेचे गाव! सोलापूरकडची आणि मनमाडकडची गाडी जेथे वेगळी होते, तेथली माणसे वेळेला पक्की असणारच. मी एस.टी.ने गेलो आणि साडेसातच्या सभेला सात चाळीसला पोहोचलो. आमच्या हिशेबाने मी वीस मिनिटे लवकर आलो होतो. आत पाहतो तर घंटा झालेली, इतिवृत्त संपलेले आणि पाहुण्यांची ओळख चालू! मला पाहून अध्यक्ष म्हणाले, "या शिरूरकर, तुमची गाडी दहा मिनिटे उशिरा आहे." एवढे बोलून त्यांनी मला आपल्या शेजारी बसवून घेतले, पानात आग्रहाने वाढले आणि रात्री शेवटची गाडी चुकेल म्हणून एक सभासद स्कूटरवरून स्टँडपर्यंत सोडायला आले. मला तेथे कोणी ओळखत नव्हते. फक्त छातीवरची पिन ओळखीची होती.

येथपर्यंत आपण हसलात, मी कृतज्ञ आहे. परंतु बी. कॉम. झालेल्या माणसाला जमाखर्चाची एकच बाजू लिहून थांबता येत नाही. ताळेबंद जुळवायचा, तर दुसरी बाजूही मांडायला हवी.

रोटरीने १९८५ साली पोलिओ निर्मूलनाचा संकल्प सोडला. भारतात १९९५ पासून देशभर पल्स पोलिओचे रविवार सुरू झाले. त्या रविवारांचे नियोजन आमच्या याच कंटाळवाण्या गुरुवारी होत असे. कोणते केंद्र कोणाकडे, बर्फाची पेटी कोण नेणार, चहा कोण देणार. सरकारी कर्मचारी आणि आरोग्यसेविका यांच्या कष्टांपुढे आमचे काम खारीच्या वाट्याचे. पण ती खार दर वेळी हजर होती. ऊसतोडणीच्या हंगामात न्हावऱ्याच्या आणि पाटसच्या साखर कारखान्यांच्या परिसरात तोडणी कामगारांच्या कोप्या पडत. आज येथे, उद्या तेथे. त्या मुलांची नावे कोणत्याही शाळेच्या पटावर नसत. आम्ही कोप्याकोप्यांतून फिरत असू. डोस पाजलेल्या मुलाच्या डाव्या करंगळीला शाईची खूण करण्याचे काम माझ्या पत्नीकडे असे. ती खूण करताना प्रत्येक मुलाला नाव विचारी आणि संध्याकाळी घरी आल्यावर ती नावे मला म्हणून दाखवी. मी म्हणे, "अगं, आकडा लिहून दिला की पुरे." ती म्हणे, "आकडा सरकारला. नावे मला."

१३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात भारतातील रानटी विषाणूच्या पोलिओचा शेवटचा रुग्ण आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या विभागाला पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र दिले. ती बातमी सभेत वाचून दाखवण्यात आली, तेव्हा टाळ्या वाजवायला माझी पत्नी नव्हती. २०११ च्या श्रावणात अल्पशा आजाराने ती गेली.

पहिले पंधरा दिवस घर माणसांनी भरलेले होते. नंतर जो तो आपापल्या कामाला लागला, आणि ते योग्यच आहे. दुकान मुलगा पाहू लागला. मी मागच्या खोलीत, ताक्यांच्या रांगांमागे बसून राही. दुकानात दिवसाला शे-दीडशे माणसे येत होती, मला कोणी विचारीत नव्हते असेही नाही. पण मी बाहेर येत नाही, हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. मलाही ते हवेच होते. एक गुरुवार गेला, दुसरा गेला, तिसरा गेला.

चौथ्या गुरुवारी संध्याकाळी दुकानाचे शटर निम्मे ओढलेले असताना बाहेर मोटारसायकली थांबल्याचा आवाज झाला. शटरखालून वाकून प्रथम सचिव आत आले. काखेत हजेरीची वही. त्यांच्यामागून अध्यक्ष, हातात कापडी पिशवी. मागून एकेक करीत चौदा जण. सचिव नियमाचे मोठे पक्के. ते उभ्याउभ्याच म्हणाले, "लागोपाठ चार सभा चुकल्या तर सभासदत्व जाते. आज चौथी आहे. आपण येत नाही, म्हणून सभा घेऊन आलो." अध्यक्षांनी पिशवीतून घंटा काढली, कापड मोजायच्या टेबलावर ठेवली आणि वाजवली. मंडळी पांढऱ्या गादीवर तक्क्यांना टेकून बसली. इतिवृत्त वाचण्यात आले. त्यात माझ्या पत्नीच्या दुखवट्याचा ठराव होता आणि त्या खाली, तिने ज्या कोप्यांत काम केले तेथे पुढच्या फेरीला कोणी जायचे, त्या माणसांची नावे होती. सांत्वनाचे भाषण कोणी केले नाही. शेवटी सार्जंट उठले. माझ्या सदऱ्याकडे पाहून क्षणभर घुटमळले आणि मग म्हणाले, "पिन नाही. दंड अकरा रुपये." मी गल्ल्यातून अकरा रुपये काढून दिले आणि मला हसू आले. महिनाभरात पहिल्यांदा आले. नंतर डोळेही भरून आले, पण हसू आधी आले, याची नोंद असावी. निघताना सचिव म्हणाले, "पुढच्या गुरुवारी जमले नाही, तर दौंड आहेच."

शंभर वर्षांपूर्वी ज्या संस्थेची सभा पाळीपाळीने एकेका सभासदाच्या कचेरीत भरत असे, तिची पाळी त्या दिवशी माझ्या दुकानाची होती. 'रोटरी' या शब्दाचा अर्थ मला तोपर्यंत पाठ होता. त्या दिवशी तो समजला.

तेव्हापासून हजेरीच्या वहीकडे मी निराळ्या दृष्टीने पाहतो. आम्हांला वाटे, ही वही शिस्तीसाठी आहे. खरे म्हणजे ती विचारपुशीसाठी आहे. आलेल्या माणसाची दखल कोणीही घेतो. तो समोर दिसतो, बोलतो, जेवतो. न आलेला माणूस दिसत नाही, म्हणून त्याच्यासाठी वही लागते. त्या वहीतली फुली कोणाच्या तरी नजरेस पडते आणि तो माणूस शटरखालून वाकून आत येतो. बाकी घंटा, इतिवृत्त, दंड आणि शाल हे सर्व त्या एका फुलीसाठी उभारलेले लटांबर आहे असे म्हटले, तरी माझी हरकत नाही.

आता काळ बदलला. २०१६ साली नियम सैल झाले. महिन्यातून किमान दोन सभा घेतल्या तरी चालते. २०२० साली महामारी आली आणि सभा पडद्यावर गेल्या. त्या दिवसांत त्याच सोयीमुळे माणसे एकमेकांना दिसू शकली, हे विसरून चालणार नाही. परंतु सवय लागली. आता निरोप मोबाइलवर येतो आणि सभासद अंगठा दाखवतात. पूर्वी अंगठा उमटवणे हे सही न येणाऱ्यांचे लक्षण समजले जाई. आता ते सुशिक्षितांचे लक्षण झाले आहे. शंभर जणांच्या गटात साठ अंगठे आले, तर आपण साठ मोजतो. चाळीस कोण राहिले, हे कोण पाहतो? आणि त्या चाळिसांत एखादा ताक्यांच्या मागे बसलेला असेल, तर?

म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षात विश्वस्त मंडळाला माझी एक नम्र सूचना आहे. स्मरणिकेत देणगीदारांची यादी असेल, ती असायलाच हवी. कार्यकर्त्यांची असेल, तीही हवी. त्याबरोबर एक तिसरी यादी तयार करावी, छापण्यासाठी नव्हे. पूर्वी नियमाने येणारी आणि गेल्या वर्षभरात न आलेली जी माणसे आहेत, त्यांची. कोणाचे गुडघे दुखत असतील, कोणाचा धंदा बसला असेल आणि चारचौघांत यायला संकोच वाटत असेल, कोणाचे घर रिकामे झाले असेल. पाच-पाच नावे वाटून घ्यावीत आणि त्यांच्या घरी जावे. दुखवट्याचे किंवा उपदेशाचे भाषण करू नये. फक्त म्हणावे, "आपण आला नाहीत, म्हणून आम्ही आलो." जमल्यास अकरा रुपये दंडही करावा.

संयोजकांनी चिठ्ठी पाठवली आहे. वीस मिनिटे होऊन गेली, चार बोटे जास्त पडली. विनोदाच्या भरात कोणाचा इतिवृत्तावरून, शालीवरून किंवा टायवरून उपमर्द झाला असेल, तर मिच्छामि दुक्कडम्. आपण शांतपणे ऐकून घेतलेत, त्यातले तत्त्वज्ञानाची आवड असलेले किती आणि चौविहार उरकून आलेले किती, हे मी विचारणार नाही.